थोरली दिली बदल्यात

सिस्टर मार्था आपल्या धाकट्या बहिणीवर जळायची. ही गोष्ट एक देवाला ठाऊक होती आणि एक पापनिवेदन ऐकायला परभणीहून येणाऱ्या फादरांना. फादरांनी तीन नमो मरिया म्हणायला सांगायचं, हिनं त्या म्हणायच्या, आणि पुढच्या महिन्याला तेच पाप धुऊन-वाळवून पुन्हा घेऊन यायचं. शेवटी फादर बेजार झाले. म्हणाले, "सिस्टर, बदल म्हणून एखादं दुसरं पाप करून बघा."

पेडगावच्या आश्रुबाची ही थोरली लेक. मार्था हे बाप्तिस्म्याचं नाव. घरातलं नाव कडूबाई. तिच्या आधी तिच्या आईची, कमलबाईची, दोन लेकरं गेली होती, म्हणून हिला कडू म्हणायचं ठरलं, की मरणानं तोंडात धरली तरी थुंकून टाकावी. हे नाव ठेवणाऱ्या आजीनं आधी कानात कडू म्हणून घेतलं आणि मग लेकरू फादरांच्या हातात पाणी घालायला दिलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन्हीकडून बंदोबस्त झालेला बरा.

पिंगळीच्या शिवेला सिस्टरांचं घर होतं आणि त्याला लागून मुलींचं बोर्डिंग. कडूबाई तिथं शिवणक्लास बघायची. आडगावच्या पोरी, सुई धरायची तर खुरप्यासारखी धरणाऱ्या. त्यांना ती धावदोऱ्यापासून कटोरी ब्लाऊजपर्यंत आणून सोडायची. तिची स्वतःची टीप अशी पडायची की कापड उलटं केलं तरी कोणती बाजू सुलटी ते सांगता येऊ नये. मशिनींना तेल द्यायचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नव्हती. एक पोरगी तिच्या स्टुलावर बसली तर तिला दिवसभर काज करायला लावले होते. ते पाप तिनं फादरांना कधी सांगितलं नाही, कारण ते पाप आहे हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तीस वर्षांची झाली होती. आतापर्यंत तिनं व्रत घेतलं होतं ते सालाबोलीचं. सालगडी जसा पाडव्याला पुन्हा साल धरतो, तसं दर आठ सप्टेंबरला, मारियामायच्या जन्मदिवशी, उभं राहून एका वर्षाचं व्रत बोलायचं. वर्ष सरलं की व्रत सरलं. यंदा मात्र कायमचं घ्यायचं होतं. बिशप येणार, बोटात अंगठी घालणार, आणि मग मरेपर्यंत सुटका नाही. श्रावण लागला होता. दिवस जवळ आला होता आणि कडूबाईचा पाय पुढं पडत नव्हता.

का पडत नव्हता हे तिला सांगता आलं नसतं. कारण बोलावणं म्हणाल तर तिचं सगळ्यांत वजनदार होतं. सिस्टर व्हायला आलेल्या प्रत्येकीला विचारतात, तुला देवानं कसं बोलावलं. कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाला प्रार्थना करताना रडू आलेलं असतं. हिला देवानं मरणातून ओढून काढलं होतं. ती बारावी झाली तेव्हा फादर घरी आले होते, कुणी पोरगी सिस्टर व्हायला देता का, असं विचारत. तेव्हा कमलबाईनं तिला चुलीपुढं बसवून सांगितलं, की तू तान्ही होतीस, तुला डबा झाला, छातीत कफ भरला, छाती भात्यावाणी उडायली, दवाखान्यानं हात टेकले. मग हरेगावच्या मतमाउलीला, मारियामायला, नवस बोलले, लेकरू जगलं तर तुला वाहीन. हे ऐकून कडूबाई रडली आणि पेटी भरायला उठली. नव्या पोरींना शिकवतात त्या घरात तिनं हीच गोष्ट सांगितली, तेव्हा म्हाताऱ्या सिस्टरांनी डोळे पुसले होते.

फक्त एक कुसळ होतं. हरेगावची जत्रा तिला आठवत होती. मेणबत्त्यांचा धूर, गर्दी, आणि आपण आईचा पदर धरून चालतोय. तान्हं लेकरू चालतं का? ती मनाशी म्हणायची, पुन्हा कधी गेलो असू.

आता मनिषाचं सांगतो. कडूबाईपेक्षा पाच वर्षांनी धाकटी, रंगानं उजळ, कामाला मंद आणि रडायला तेज. मनिषानं डोळे भरले की घर हलायचं. कडूबाईनं रडलं तर आई म्हणायची, चुलीचा धूर लागला का. हे सगळं लहानपणचं, आणि लहानपणचं माणूस विसरतं. पण मनिषाला बघायला मानवतचे पाहुणे आले तेव्हा कडूबाई सुट्टीवर घरी होती. चहाचा ट्रे तिच्याच हातात होता. चहा झाला, आणि मामानं सगळ्या सोयऱ्यांदेखत मोठ्यानं विचारलं, "पोरी, पोरगा पसंत हाय का? आता सांग, मागून सांगू नको." मनिषा खाली बघून म्हणाली, "हाय."

तिथं कडूबाईला पहिला चटका बसला. नवऱ्याचा नव्हे. नवरा मुलगा परमेश्वर हा काही कुणी हेवा करावा असा गडी नव्हता, मानवत रोड स्टेशनावरून मानवतला सवाऱ्या नेणारा अ‍ॅपेवाला, बोलायला गरीब. चटका होता त्या इचारण्याचा. आपल्या बाबतीत फादरनं आईला इचारलं, आईनं बापाला इचारलं, बाप म्हणाला बघा तुमचं तुमी. आपल्याला इचारायचं सगळ्यांच्याच ध्यानातून गेलं.

त्यानंतर मनिषाला काय मिळालं की कडूबाईला इकडं आच लागायची. पिंकी झाली तेव्हा लागली. घरकुल मंजूर झालं तेव्हा जास्त लागली, कारण घर मनिषाच्या नावावर होतं आणि भिंतीवर तेलरंगानं तिचं नाव लिहिलं होतं. घरभरणीला फादरांनी पाणी शिंपडलं, मनिषानं कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून दार उघडलं, आणि मागं उभी असलेली सिस्टर मार्था आमेन म्हणायची विसरली.

कायमच्या व्रताच्या आधी घरी जाऊन यायला महिनाभर सुट्टी देतात. आईबापाचा निरोप घे आणि मग ये, असा त्याचा मतलब. कडूबाई पेडगावला आली, मूग तोडायला वावरात गेली, आणि चार दिवस झाले नाहीत तोच मानवतहून फोन आला. मनिषाच्या पित्ताशयात खडे झाले होते. परभणीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. परमेश्वर तिच्याजवळ राहणार. घरी पिंकी, दोन शेळ्या आणि सासू सरजाबाई, जिचे गुडघे गेलेले. आईला वावर सोडता येत नव्हतं. राहिली कोण, तर सुट्टीवर आलेली सिस्टर.

मनिषा अ‍ॅपेत बसायच्या आधी कमरेचा जुडगा सोडायला लागली. सोडताना तिचं तोंड असं झालं होतं जसं पोट फाडून घ्यायच्या आधी हेच ऑपरेशन असावं. "आक्का, ही दाराची, ही कपाटाची, ही पेटीची. पेटी उघडू नको."

"तुझ्या पेटीत काय करायचं मला?"

"तरी सांगून ठेवते."

सिस्टरांच्या घरात कुलूप नसतं. जे आहे ते सगळ्यांचं. साबणाची वडीसुद्धा आपली, माझी कुणी म्हणायची नाही. कडूबाईनं आपल्या राखी साडीच्या निऱ्यांत तो जुडगा खोचला. नळाला गेली, परत आली, शेळ्यांना पाला टाकला, आणि दर थोड्या वेळानं हात कमरेला नेऊन बघायची. पोटाला चाव्या गार लागायच्या. सरजाबाईनं हे बघितलं, तिला वाटलं सिस्टरच्या पोटात दुखायलंय. तिनं चिमूटभर ओवा आणून दिला. कडूबाईनं मुकाट्यानं खाल्ला.

दोन दिवस ती त्या घरात राणीवाणी वावरली. येसराचा मसाला घालून तिखट आमटी केली, कारण पिंगळीला सगळ्यांच्या पोटाला सोसेल असं फिकं शिजायचं. मनिषाचे डबे आपल्या मनानं लावले. पिंकीच्या वेण्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की पिंकीला आपण सकाळी टाळी वाजवून उठवायलोय आणि सरजाबाईला जेवायच्या आधी हात जोडून थांबवायलोय. म्हातारी भाकरीकडं बघत विचारायची, "शिष्टर, झालं का तुमचं?" घर मनिषाचं होतं, पण कडूबाईनं त्याचं बोर्डिंग करून टाकलं होतं. आणि ज्याच्यासाठी एवढी वर्षं जळलो ते हातात आलं तर ते बोटांतून वाळूवाणी गळायलंय, हेही तिला कळायला लागलं. पिंकी गोड होती, पण पिंकी आईच्या नावानं रडायची. घर चांगलं होतं, पण झाडून झालं की पुन्हा करायचं काय?

मग कोपरा झाडताना तिला मशीन सापडली.

वर रेशनच्या तांदळाची पिशवी होती, लोणच्याची बरणी होती, पिंकीचा मोडका डबा होता. खाली जुनं लुगडं अंथरलेलं. लुगडं ओढलं तर पायमशीन. काळ्या अंगावर सोनेरी फुलं, आणि लग्नात चिकटवलेली जर अजून तशीच. पट्टा सुकून तुटलेला, शटलला गंज. आंदणात दिलेली ही. लग्नात कपाट, पलंग, भांडी आणि मशीन दिली होती. मनिषाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण सोयऱ्यांना दाखवायला मशीन लागते.

कडूबाई तिथंच खाली बसली. नवऱ्याकडं बघून, लेकराकडं बघून, घरावरच्या नावाकडं बघून जी आजवर नुसती धुमसत होती, ती बाई आता भडकली. लोणच्याच्या बरणीचं तेल मशीनच्या फळीवर गोल डाग पाडून मुरलं होतं. त्या डागाकडं बघून तिला रडू आलं, आणि या वेळी चुलीचा धूर नव्हता.

बाजारात जाऊन तिनं पट्टा आणला. रॉकेलनं शटल धुतलं, तेल दिलं, रातांधळ्या माणसाला रस्ता दाखवावा तसं हळूहळू चाक फिरवलं. मशीन आधी कुरकुरली, मग चालायला लागली. पिंकीला फ्रॉक झाला. शेजारची सुमनबाई आवाज ऐकून डोकावली, आणि जाताना ब्लाऊजपीस टाकून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन जावा आल्या. चार दिवसांत ओसरीवर बायका बसायला लागल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी नवखी बाई विचारायची, शिवणाऱ्या सिस्टरचं घर कोणतं.

त्यातच पिंगळीहून बोर्डिंगच्या प्रियांकाचा फोन आला. पोरगी खुशीत होती. नवीन आलेल्या लिली सिस्टर आता क्लास घेतात, मोबाईलवर डिझाईन दाखवतात, लय मस्त शिकवायल्यात. मशिनींना तेलही आता पोरीच देतात. "अन् सिस्टर, तुमच्या स्टुलावर आता कुणीबी बसतं."

फोन ठेवल्यावर कडूबाईनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मनिषाच्या हेव्याची तिला सवय होती, तो चुलीतल्या निखाऱ्यावाणी होता, फुंकला तर पेटायचा. हा नवा हेवा तर अंगावर उकळतं पाणी सांडावं तसा आला. केरळची ती लिली, बिचारी, हिनं तिला धड बघितलंही नव्हतं. तरी ती स्टुलावर बसली म्हणून हिच्या छातीत जाळ. आणि जाळ झाला म्हणून जे कळायचं ते कळलं. त्या स्टुलावर परत जाऊन बसलो तरी ते आपलं नव्हतंच. उद्या बदली झाली की क्लास ठेवून पेटी उचलायची. आपल्याला माझं म्हणायची भूक आहे, आणि ती तीन नमो मरियांनी भागणारी नाही.

याच्यावर कळस सरजाबाईनं चढवला. कडूबाई तिच्या चोळीचं माप घेत होती. टेप म्हातारीच्या पाठीवरून फिरवलेला, म्हातारी हात वर करून उभी, आणि सुनेची उणीदुणी चालू. मनिषाला हे येत नाही, ते जमत नाही. मग सहज म्हणाली, की तरी बाई, सून करून घेतानाच आमी भ्यालो व्हतो.

कडूबाईनं विचारलं, कशाला भ्यालात.

"नवसाची पोरगी ना ती. तान्ही असताना डबा झाला, मतमाउलीला वाहिलेली. उद्या देव मागाय आला तर माझ्या लेकाचा संसार अर्ध्यावर ऱ्हायचा. मी तर तुझ्या मायला तोंडावर इचारलं. तर ती म्हणली, फिकीर करू नका इनबाई, फिटलंय ते. थोरली दिली बदल्यात."

टेप कडूबाईच्या हातात तसाच राहिला. म्हातारीचे हात वरच्या वर. थोड्या वेळानं सरजाबाई म्हणाली, "शिष्टर, खाली घेऊ का हात?"

त्याच दिवशी पिंकीला सरजाबाईजवळ ठेवून कडूबाई पेडगावला गेली. कमलबाई अंगणात मूग पाखडत होती. लेकीचं तोंड बघूनही तिनं सूप थांबवलं नाही. कडूबाईनं एवढंच विचारलं, की डबा कुणाला झाला होता.

कमलबाईनं सुपातला खडा निवडून टाकला. मग सांगितलं. मनीलाच झाला होता. नवस बोलली तीही मनीलाच. पण फादर आले तेव्हा मनी तेरा वर्षांची, अंधाराला भिणारी, आईच्या कुशीत निजणारी. ती तिथं टिकली नसती. आणि कडू वयात आलेली, रंगानं सावळी, स्थळ काही येत नव्हतं. खंडोबाला बोललेलं बकरू देखणं निघालं तर लोक ते मागं ठेवतात आणि बदल्यात दुसरं सोडतात. देवाला बकऱ्याशी मतलब. तसंच हे.

"मी बकरू हाय का, माय?"

"न्हाईस म्हणून तर खोटं सांगावं लागलं. बकऱ्याला काय सांगतंय कुणी."

मग कमलबाई सूप खाली ठेवून म्हणाली, की आणखी एक ऐक. मनी कामाची नव्हती. देवाला वाहायचं तर चांगलं ते वाहावं म्हणून तुला दिलं.

कडूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "हे खरं बोलायलीस का आताच सुचलं?"

"मला तरी काय ठाव," कमलबाई म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

मनिषा दवाखान्यातून घरी आली ती पोटावर हात धरून. ओसरीवर तीन बायका बसलेल्या होत्या. त्यांनी तिला जागा करून दिली, जशी पाहुणीला देतात. आत मशीन मधोमध मांडलेली, लोणच्याची बरणी फडताळात, डबे भलत्याच जागी. बायका गेल्यावर मनिषा पलंगावर आडवी झाली आणि हात पुढं केला. कडूबाईनं जुडगा तिच्या तळहातावर ठेवला.

मनिषानं चाव्या बोटांनी चाचपल्या. मग म्हणाली, "माझं घर, माझी मशीन, अन् बाया तुझं नाव इचारत येत्यात. गावभर तर तू हायसच. चर्चात गेलं तरी सिस्टरची बहीण, नळावर भांडले तरी सिस्टरची बहीण असून अशी बोलती. एक घर व्हतं माझं, तितंबी तू."

कडूबाई वाट बघत होती तो वखत आला होता. तिनं आवाज न चढवता सांगितलं, की नवस तुझा होता. तू जगलीस म्हणून मी गेले. हे घर, हे आंदण, हे सगळं ज्या जागेवर उभं आहे ती जागा माझी आहे.

तिला वाटलं मनिषा रडेल. मनिषा रडली नाही. छताकडं बघत म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

"कवापासून?"

"सोयरीक निघाली तवापासून, मला बघाय यायच्या आधी. मायनं सासूला सांगितलं ते मी दाराआड ऐकलं."

"अन् बोलली न्हाईस मला?"

"बोलले असते तर तू परत आली असतीस. तू आली असतीस तर मला जावं लागलं असतं." तिनं कूस बदलायला बघितलं, टाके ओढले, तशीच पडून राहिली. "पोरगा पसंत हाय का म्हणून मामानं इचारलं ना, तवा मी परमेश्वराचं तोंडबी नीट बघितलं नव्हतं. हाय म्हणले. म्हणलं, लवकर निघावं, देवाला पत्ता लागायच्या आत."

कडूबाई पलंगाच्या कडेला बसली. ज्या एका शब्दावर ती इतकी वर्षं जळत होती, तो शब्द भीतीनं काढलेला निघाला. हेवा करायला आता त्या घरात काही उरलं नव्हतं. म्हणजे एक सोडून.

"मशीन दे मला," ती म्हणाली.

मनिषानं मान वळवली. "तुला मशीन घेऊन कुठं जायचंय? तुमच्यात तर माझं म्हणायचं नसतंय."

"दे म्हणते ना."

"न्हाई देणार. आंदण हाय माझं."

"तुला दोरा ओवता येत न्हाई, मने."

"न्हाई येत. तरी माझंच हाय."

कडूबाईनं लुगडं उचलून मशीनवर नीट झाकलं, लोणच्याची बरणी मात्र वर ठेवली नाही, आणि पिंगळीची वाट धरली.

पिंगळीला समारंभाची तालीम चालू होती. मदर सुपीरियर मंगळूरकडच्या, तब्येतीनं भारदस्त, मराठी मोडकं पण मन सरळ. बिशपांच्या जागी त्या खुर्चीवर बसायच्या. व्रत घेणारी समोर उभी राहते, बिशप विचारतात, माझ्या लेकी, तू देवाकडं आणि त्याच्या मंडळीकडं काय मागतेस. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, पाठ करून म्हणायचं, की मरेपर्यंत ख्रिस्ताच्या मागं चालायची कृपा मागते. कडूबाईला ते उत्तर झोपेतही आलं असतं. दुसऱ्यांच्या समारंभात तिनं ते मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं.

मदरनी विचारलं, "माझ्या लेकी, तू काय मागतेस?"

कडूबाईनं तोंड उघडलं. आणि एकदम तिच्या डोक्यात आलं, की हे मला इचारायलेत. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न समोर येऊन उभा आहे, आणि आपण पाठ केलेलं बोलणार.

"एक पायमशीन," ती म्हणाली. "अन् एका खोलीची चावी. माझी."

मागच्या बाकावर लिली सिस्टर हसली, तिला वाटलं थट्टा आहे. मदर हसल्या नाहीत. त्यांनी पोरींना बाहेर घालवलं, कडूबाईला समोर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं, डबा, नवस, बदल्यात दिलेली थोरली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, की घरच्यांनी खोटं सांगितलं तरी देव खोट्या रस्त्यानंही बोलावतो. आणि क्लासच्या खोलीची चावी पाहिजे असेल तर त्यात काय, मागायची होती, दिली असती.

"दिली असती, मदर. अन् बदली झाली की मागून घेतली असती."

मदरनी मान हलवली. ते खरं होतं. मग त्यांनी विचारलं, की देवावर रागावली आहेस का. कडूबाईनं थोडा विचार केला. म्हणाली, देवानं काही मागितलंच नव्हतं, त्याच्यावर कामून रागावू. मी रागावले असते तर इथंच राहिले असते आणि लिली सिस्टरला जन्मभर छळलं असतं.

आठ सप्टेंबरला सालाचं व्रत सरलं. कडूबाईनं पुन्हा साल धरलं नाही. कुणाला हाकलावं लागलं नाही, कुणाला सोडावं लागलं नाही. लिली सिस्टरनं तिच्यासाठी डबा बांधून दिला. डब्यातला भात चांगला होता, तेही कडूबाईला सोसलं नाही.

गावानं तोंडसुख घेतलं. कुणी म्हणालं पळून आली, कुणी म्हणालं हाकलली. कमलबाईनं चार दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही, आणि मग एका सकाळी एकटीच हरेगावला जाऊन आली. मतमाउलीपुढं काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आल्यावर लेकीला एवढंच म्हणाली, "सांगून आले. तुला काय करायचं ते कर."

मानवतात मनिषाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून सुमनबाईची रस्त्याकडची खोली होती. ती कडूबाईनं घेतली. कुलूप स्वतः जाऊन आणलं, पितळेचं. भिंतीला क्रूस लावला, खाली सतरंजी. मशीन नव्हती, म्हणून ती आधी हातशिलाई, काज-बटण, साडीला फॉल लावून देते असं करत बसली. रविवारी प्रार्थनेला जायची, आणि बायका बाकावर सरकून जागा द्यायच्या की नाही ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची.

दिवाळीच्या तोंडावर परमेश्वरचा अ‍ॅपे दारात थांबला. मागं पोत्यात गुंडाळलेली मशीन. त्यानं आणि सुमनबाईच्या दिरानं मिळून ती आत आणली. कडूबाईनं पोतं सोडलं. फळीवरचा लोणच्याचा डाग तसाच होता, पट्टा तिनंच घातलेला. उजव्या हाताला, बॉबिन ठेवायचं ड्रॉवर असतं तिथं, नुसतं भोक होतं.

"ड्रॉवर?"

परमेश्वर बाहेर अ‍ॅपेकडं बघत म्हणाला, "ते तिनं काढून ठेवलंय. म्हणली, सगळंच कामून द्यावं."

बॉबिन कडूबाई आता चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. शिवता शिवता हात सवयीनं उजवीकडं जातो, भोकात पडतो, आणि तिच्या छातीत चर्र होतं. क्लासला सात-आठ पोरी येतात. तिच्या स्टुलावर कुणी बसत नाही.

परवा मनिषा आली. हातात ब्लाऊजपीस, कटोरी पाहिजे म्हणाली. ओसरीवर आणखी दोघी होत्या. कडूबाईनं मान वर न करता सांगितलं, "बस, नंबर हाय."

मनिषा पायरीवर टेकली. तिच्या कमरेला जुडगा नव्हता. चाव्या कुठंयत म्हणून कडूबाईनं विचारलं, तर ती म्हणाली, मशीनच्या त्या ड्रॉवरात ठेवत असते आता, बरं पडतं. आणि मग तिची नजर कडूबाईच्या कमरेवर गेली. तिथं निऱ्यांत एक पितळी चावी खोचलेली होती. मनिषा तिच्याकडं बघत राहिली.

कडूबाईनं पदर सारखा केला. चावी तेवढी झाकली नाही.